आजीआजोबांचे पालकत्व आणि नातवंडांची शाळा



दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पुष्कळ घरांत म्हातारी माणसे व नातवंडे एवढीच मागे राहतात. अशा घरी शिक्षक पटनोंदणीस गेले असता आजोबा कधी कधी म्हणतात, "गुरुजी, पोरगं माझ्यापाशीच शिकतंय. पाढे येतात, पोथी वाचतंय. शाळा कशाला?" तिशीपर्यंतचे पाढे मुखोद्गत असलेले आजोबा ज्या घरी आहेत ते घर भाग्याचेच. तथापि कायद्याची बाजू निराळी आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे त्याच्या कलम १० अन्वये मातापिता अथवा पालक यांचे कर्तव्य होय. ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ व ताबा आहे, तो या कायद्याच्या व्याख्येने पालकच ठरतो. म्हणजे आईबाप परगावी असताना हे कर्तव्य आजीआजोबांवर येते, आणि प्रवेशाच्या अर्जावर सही करण्यास तेच पात्र असतात. त्यांच्याकडे न्यायालयाचा कागद मागणे गैर आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे आजोबा नैसर्गिक पालक नव्हेत, हे खरे. म्हणून नातवाच्या जमिनीचा व्यवहार करावयाचा तर न्यायालयाची पायरी चढावी लागेल. शाळाप्रवेशाशी त्याचा संबंध नाही.

घरच्या शिकवणीस या अधिनियमात शाळेचा दर्जा नाही. मात्र मुलास न पाठविणाऱ्या पालकास त्यात दंडही सांगितलेला नाही. सबब खटल्याची धमकी देणे खोटेही आहे आणि निरुपयोगीही. दंड आहे तो मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्यास, एक लक्ष रुपयांपर्यंत. आजोबांनी सांजवेळी ओसरीवर नातवंडांस पाढे म्हणावयास लावणे त्यात मुळीच येत नाही, आणि ते थांबवावयास कोणी सांगूही नये.

खरी कसोटी पुढे असते. नऊ वर्षांचे मूल प्रथमच शाळेत आले, तर त्यास पहिलीत बसवू नये. कलम ४ प्रमाणे त्यास वयानुरूप वर्गात, म्हणजे सामान्यतः चौथीत, घ्यावयाचे व मागे पडलेला भाग विशेष प्रशिक्षणाने भरून काढावयाचा. पोथी वाचणाऱ्या त्या मुलास वाचन येत असते. अडते ते बहुधा लेखनाशी. जन्मदाखला नाही, म्हणून त्यास परत पाठविता येत नाही. अशा मुलास चौदा वर्षे उलटल्यावरही आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच मिळते.

आणखी एक तरतूद आजोबांच्या कानी अवश्य घालावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद मातापिता वा पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. या पालकांत आजोबाही येतात, आजीही येते.