सह्यांचे लग्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



काल रात्री जेवणे झाल्यावर एका तरुण कार्यकर्तीने मला विचारले, "सर, आमचा नोंदणी विवाह होऊन दीड वर्ष झाले. सासूबाई अजून म्हणतात, सह्यांचे लग्न ते काय खरे? त्यांना काय उत्तर देऊ?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आज त्याविषयीच बोलतो. मी अर्थशास्त्राचा अध्यापक, कायद्याचा नव्हे. परंतु नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून आजवर पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न सहीने लागत नाही, शब्दाने लागते. सह्या होतात हे खरे. पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर वधूवरांनी एकमेकांचा पती आणि पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे स्वमुखाने सांगितल्यावाचून तो विवाह पूर्ण होत नाही. हे शब्द दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत उच्चारता येतात. आपण कशाला संमती देत आहोत हे वधूला कळलेच पाहिजे, असा आग्रह धरणारा विधी अपुरा कसा म्हणावा?

हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. १८७२ च्या कायद्याखाली असे लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याच धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची या अटीतून सुटका झाली. सर्वांसाठी ती अट गेली ती १९५४ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर.

पुरोहितावाचून लग्न ही कल्पनाही महाराष्ट्राला परकी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीरावांच्या विवाहविधीत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते, आणि वर तसे वचन देतो. तिकडे तामिळनाडूत पेरियारांच्या अनुयायांनी स्वाभिमान विवाहांची चळवळ केली. न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता नाकारल्यावर १९६७ साली राज्याच्या विधिमंडळाने हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून पूर्वीचे स्वाभिमान विवाहही वैध ठरवले.

आता सावधगिरीची गोष्ट, आणि ती कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावी. नोंदणी विवाह वेगळा आणि विवाहाची नोंदणी वेगळी. विशेष विवाह कायद्यात अधिकाऱ्यासमोर लग्न लागते. हिंदू विवाह कायद्यात आधी रूढीप्रमाणे विधी व्हावा लागतो. नोंदणी हा केवळ त्याचा पुरावा. तीस दिवसांची नोटीस टाळण्यासाठी काही जोडपी न झालेल्या विधीचा दाखला मिळवून हिंदू विवाह म्हणून नोंद करून घेतात. निवडणुकांच्या धामधुमीत अनेकांच्या नजरेतून सुटलेला २०२४ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्यांनी अवश्य वाचावा. विधी झालाच नसेल, तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे त्यात म्हटले आहे. अशा दाखल्यावर संसार उभा करणाऱ्या मुलीला उद्या नवऱ्यानेच "लग्न झालेच नव्हते" असे सांगितले, तर तिने कोणत्या आधारावर पोटगी मागावी?

विधीच्या पळवाटेचा फायदा बहुधा पुरुषालाच होतो, हे जुनेच आहे. १९६५ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात पहिली पत्नी असताना दुसरे लग्न केल्याचा आरोप असलेला पुरुष सर्वोच्च न्यायालयात सुटला. कारण दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही. पहिलीला न्याय मिळाला नाही, आणि दुसरी कोणाचीच पत्नी ठरली नाही.

तेव्हा नोटिशीचे तीस दिवस सोसूनही विशेष विवाह कायद्याचाच मार्ग धरा. ती नोटीस कचेरीत लागते, आणि आंतरजातीय वा आंतरधर्मीय जोडप्यांना तिचा जाच होतो, हे मी नाकारत नाही. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली; तशी तरतूद कायद्यातच यावी, यासाठी आपण झगडले पाहिजे. तोपर्यंत त्या तीस दिवसांत अशा जोडप्याच्या पाठीशी उभे राहणे, त्यांना निवारा देणे, हे आपल्या संघटनेचे काम आहे. नुसत्या अभिनंदनाच्या ठरावाने ते होत नाही.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांची हेटाळणी करू नका. मंत्रांचा अर्थ त्यांनाही कधी कोणी सांगितला नव्हता. अक्षता टाकायला चार माणसे आली, म्हणजे मुलीला कोणी सहज टाकून देणार नाही, एवढाच धीर त्या विधीने त्यांना दिला होता. तो धीर आपल्या लग्नांतूनही मिळाला पाहिजे. कर्ज काढून जेवणावळी घालू नका. पण कचेरीतून गुपचूप परतूही नका. चार शेजारी, चार नातेवाईक बोलवा आणि तेच शब्द त्यांच्यासमोर पुन्हा उच्चारा. यापुढे लग्न करणाऱ्यांनी तर तीन साक्षीदारांत एक सही आईची किंवा सासूबाईंची घ्यावी. जिथे स्वतः साक्षीदार म्हणून सही केली, ते लग्न खोटे, असे त्या माउलीला म्हणवणार नाही.