खडपावरील मोजणी
(सोलापूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपणांस लाटांचे भय कशासाठी सांगावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ मराठा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागरी दुर्गही आहेत. आपल्या शाळांच्या सहली तिकडे जातील आणि हौशी मंडळी तटाचा पायथा मोजू लागतील.

सोलापूरच्या भुईकोटाची भिंत मोजताना खंदक जागचा हलत नाही. तेथे मात्र पायथाच पाण्यात येतो-जातो. ओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पायाचे सर्वांत खालचे थर उघडे पडतात ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, आणि पाणी सर्वांत वेगाने परतते तेही त्याच दिवसांत. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी चढते. मोजणाऱ्याचा मोह आणि धोका असे एकाच तिथीला येतात!

लाटांचे गणित याहून अवघड. किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही दूरच्या वादळाची लाट येऊन पोहोचते. उथळ खडकाशी ती उंच होऊन फुटते आणि परतताना पाय ओढून नेते. काही वर्षांपूर्वी एका जलदुर्गाच्या पायथ्याशी आम्ही दगडांचे थर मोजत होतो. दहा-पंधरा मिनिटे पाणी शांत होते. "आता एकच माप," असे मी म्हणालो, आणि लागोपाठ तीन मोठ्या लाटा आल्या. साहाय्यक शेवाळावरून घसरला. कालवांच्या शिंपांनी त्याचा गुडघा फाटला. नावाड्याने दोर फेकला म्हणून तो वाचला. "आज खडपावर उतरू नका," असे त्याच नावाड्याने सकाळी बजावले होते. माझ्या वहीत ओहोटीची वेळ होती, त्याचे शब्द नव्हते.

जून ते सप्टेंबर या काळात खडपावर उतरूच नये. इतर दिवसांत तटावरून दोर सोडून किंवा दुरून ड्रोनने छायाचित्रे घेऊन बरेच काम होते. होडी आणि भिंत यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. लाटेने होडी आदळते. पाणी चढू लागताच काम थांबवावे. राहिलेल्या मापाची जागा कोरी सोडावी. माझ्या त्या वहीत तिसऱ्या थराची उंची अजून कोरीच आहे.

शिक्षकांनी सहलीपूर्वी बंदर कार्यालयातून भरती-ओहोटीच्या वेळा घ्याव्यात आणि निघण्यापूर्वी त्या नावाड्यासही दाखवाव्यात.