ताटाचा ताळेबंद

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचे निवेदन आपणांसमोर आलेच आहे. त्यातील एकाच बाबीवर, म्हणजे स्वयंपाकघरावर, आज बोलण्याचे योजिले आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आहारशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. हे टिपण आमच्या डॉक्टरांनी वाचून दुरुस्त केले आहे, एवढा खुलासा आरंभीच केलेला बरा.

आपल्या रुग्णालयातील जेवण प्रारंभापासून शाकाहारी आहे. शाकाहारी म्हणजे पौष्टिक, असे आम्ही बरीच वर्षे गृहीत धरून चाललो. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आमच्या कोठीने वरणात पाणी वाढविले. पुढे भाव उतरले. वरण मात्र पातळच राहिले. स्वयंपाकघराच्या खर्चात बचत झाली म्हणून त्या काळात आम्हीच समाधान व्यक्त केले होते. शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या माणसाच्या ताटात पोळी, भात, बटाट्याची भाजी आणि पिवळे पाणी जात होते, हे एका रुग्णाच्या वृद्ध मातेने वाटी पुढे करून दाखविले तेव्हा आमच्या ध्यानी आले. वहीतली बचत रुग्णाच्या अंगावर खर्ची पडली होती.

त्यानंतर आम्ही ताटाकडे खातेवहीप्रमाणे पाहू लागलो. प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसास सुमारे पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत ती दहाच्या आसपास, तूरडाळीत बावीसच्या आसपास आणि शेंगदाण्यात त्याहून थोडी अधिक असतात. शिवाय ज्वारीत लायसिन नावाचा घटक उणा असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत जे उणे ते धान्य पुरविते. भाकर आणि घट्ट वरण ही आपल्या वऱ्हाडातील जोडी म्हणूनच हिशेबाला उतरते. तिच्या जोडीला जवसाची वा तिळाची चटणी, पावसाळ्यात तरोटा, चिवळ, एरवी अंबाडी. यांतील एकही जिन्नस औषधांच्या दुकानातून आणावा लागत नाही. प्रथिनांच्या महागड्या डब्यासाठी कर्ज काढणारे आप्त आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे सांगतो.

तथापि, जुन्या आहाराची सरसकट थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, जवळपास केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा त्वचेचा व मेंदूचा विकार आढळतो. नुसती भाकर आणि मिरचीचा ठेचा हे पूर्ण जेवण नव्हे. गरिबीने ते पूर्ण मानायला लावले होते.

रक्तक्षयाच्या भगिनींना आमच्या परिचारिका दोनच गोष्टी सांगतात. भाजी-भाकरीतील लोह शरीरात सहज मुरत नाही. लिंबू, आवळा, पेरू वा आपल्या भागातील संत्रे सोबत असल्यास ते अधिक मुरते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा ते मुरू देत नाही. लिंबाला कोणाची हरकत नसते. चहाचे मात्र मोठे अवघड जाते!

आता शाकाहाराच्या खात्यातील एका रिकाम्या रकान्याविषयी. एक वयस्क शेतकरी पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो म्हणून दाखल झाले. मधुमेह नव्हता. तपासणीत ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. त्यांचे चिरंजीव आमच्या कार्यालयात येऊन काहीशा रोषाने म्हणाले, “आम्ही माळकरी माणसं आहोत साहेब, तेवढं सोडून सांगा.” मांसाहाराचा सल्ला कोणी दिलाच नव्हता. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडेफार मिळते. त्यांच्या घरी म्हैस होती, परंतु दूध डेअरीला जात असे. उपाय इंजेक्शनचा व पुढे गोळ्यांचा होता. माळ गळ्यात ठेवूनच तो झाला. पायांतील बधिरता मात्र पूर्णपणे गेली नाही, कारण येण्यास फार उशीर झाला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या २००६ मधील पाहणीत पुणे परिसरातील सुमारे दोनतृतीयांश मध्यमवयीन पुरुषांत हीच उणीव आढळली होती. तेव्हा हे एकट्या त्या गृहस्थांचे दुर्दैव म्हणता येत नाही. दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतलीच पाहिजे.

आप्तजनांस एक कळकळीची विनंती आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी नारळपाणी, केळी वा संत्री आणण्यापूर्वी परिचारिकेस अवश्य विचारावे. त्यांतील पोटॅशियम अशा रुग्णाच्या रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. प्रेमाने आणलेले शहाळे उशापासून उचलावे लागते, तेव्हा आम्हांसही वाईट वाटते.

देणगीदारांकडे मागणे थोडेच आहे. पुण्यतिथीनिमित्त मिठाई वाटण्याऐवजी तूर, मूग, शेंगदाणे किंवा तीळ कोठीत जमा करावेत. पावती मिळेल, मात्र वस्तुरूप देणगीस आयकराची सवलत लागू होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण दरवर्षी मार्चअखेर त्यावरून आमच्या कार्यालयात वाद होतो.

वरणाचे प्रमाण आता वजनाने ठरवून दिले आहे. त्या प्रमाणाची एक नमुना वाटी दोन्ही वेळा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली असते. रुग्ण, आप्त वा विश्वस्त, कोणासही आपल्या ताटातील वाटी तिच्याशी ताडून पाहता येईल.