पवई अलिबागहून किती लांब?

(अलिबाग येथे बारावीच्या पोरापोरींच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मी मॅट्रिक. पुढची शाळा मला झेपली नाही असं नाही, घराला झेपली नाही. दिवसा धक्क्यावर माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. मग आयआयटी, जेएनयू, टिस, कोलंबिया असल्या गोष्टींवर बोलायला ह्याला का उभा केला, असं मागच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं. ऐकू आलं मला. त्याला सांगतो, बार्ज रिकामी करणाऱ्याला वजन कळतं. कुठलं ओझं एकट्याने उचलायचं आणि कुठल्याला चार खांदे लागतात, हे धक्क्यावर पहिल्याच आठवड्यात कळतं. न कळलं तर कंबर जाते. आपली पोरं एकेकटी फॉर्म भरतायत, एकेकटी घाबरतायत, एकेकटी परत येतायत. आज त्याबद्दल बोलायचंय.

आधी आकडा ऐका, म्हणजे कोणी तुम्हाला होर्डिंगवरची स्वप्नं विकणार नाही. आयआयटी तेवीस आहेत. सगळ्या मिळून जागा सुमारे १८ हजार. त्यासाठीच्या पहिल्या परीक्षेला दहा लाखांच्या वर पोरं बसतात. त्यातली वरची अडीच लाख पुढच्या परीक्षेला पात्र ठरतात. आपला वाटा शेकडा पंधरा. म्हणजे इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना तिथे जागा मिळणार नाही. खोटं कशाला बोलू? पण न मिळणं वेगळं आणि न मागणं वेगळं. मागितलंच नाही, तर ते म्हणणार, बघा, ह्यांच्यातली पोरं येतच नाहीत, जागा रिकाम्या राहतात.

महाड आपल्याच जिल्ह्यातलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असा ठराव मुंबई कौन्सिलात बोल्यांनी १९२३ साली पास करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर! तीन वर्षं त्या तळ्यातून आपला एक माणूस पाणी प्यायला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन उतरले आणि ओंजळ भरली, तेव्हा ते तळं खुलं झालं. तेही लगेच नाही. डोकी फुटली, तळं ‘शुद्ध’ केलं गेलं, खटला चालला, निकाल हायकोर्टातून यायला १९३७ उजाडलं. राखीव जागेचं तेच आहे. जागा कागदावर आहे. ओंजळ तुमची लागणार.

आता कागदांचं. हा भाग रटाळ आहे, जांभया देऊ नका, कारण आपली पोरं परीक्षेत कमी आणि कागदात जास्त मरतात. जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला वेगळा, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा. आयआयटीला केंद्राचा लागतो. आपण बौद्ध. धर्मांतर १९५६ चं, पण बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या १९९० साली. चौतीस वर्षं आपण देशाच्या हिशेबात कुठे बसतो हेच त्यांचं ठरत नव्हतं! त्यामुळे दाखल्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. मग पडताळणी. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबाचा शाळेचा दाखला आणा म्हणे. अरे, आजोबाला शाळेच्या ओट्यावर बसू दिलं नाही, त्याचा दाखला कुठून आणू? तर कोतवाल बुक, जन्ममृत्यूची जुनी नोंद, चुलत आजोबाचा कागद, जे सापडेल ते शोधावं लागतं. हे निकालानंतर होत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या चालू आणि आपण कचेरीच्या पायरीवर. त्यात पाऊस. गेटवेच्या लाँचा मेअखेरीलाच बंद होतात, मुंबईला जायचं म्हणजे वडखळ-पेण करत एसटीने. मोटारवाल्यांना मांडव्याहून रो-रो आहे म्हणा.

मग पैसे. आयआयटीत एससी-एसटीला शिकवणी फी माफ आहे, हे खूप आईबापांना माहीतच नाही, ते आधीच पोराला ‘नको’ म्हणून मोकळे होतात. पण जागा पकडायला थोडी रक्कम ठरलेल्या तासाच्या आत भरावी लागते. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या पोराला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. भरायचे साडेसतरा हजार, २४ जूनच्या संध्याकाळी पाचच्या आत. बापाने गावातून गोळा केले, तोवर वेळ संपली. जागा गेली. पोरगं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, ३० सप्टेंबरला कोर्टाने जागा द्यायला सांगितलं. त्याच्या आधी २०२१ साली असंच एक दलित पोरगं. पवईची जागा, कार्ड चाललं नाही, पैसे भरले गेले नाहीत. तेही सुप्रीम कोर्टातच सुटलं. पेपरवाल्यांनी दोघांचे फोटो छापले, न्याय झाला म्हणाले. मी म्हणतो, साडेसतरा हजारांसाठी देशाचं सर्वोच्च कोर्ट लागतं, ह्याला न्याय म्हणायचं की शरम? आणि जी पोरं कोर्टापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांची मोजदाद कोण ठेवतं?

आता ती गोष्ट, जी तुमच्या आयांच्या मनात आहे आणि तोंडावर येत नाही. आत गेलेलं पोर जिवंत परत येईल ना?

रोहित वेमुला, हैदराबाद, जानेवारी २०१६. पायल तडवी, मुंबईत, डॉक्टर होती, मे २०१९. दर्शन सोळंकी, पवई, १२ फेब्रुवारी २०२३, वय अठरा, पहिलंच वर्ष. दर्शनच्या बाबतीत संस्थेच्या समितीने जातीच्या छळाचा पुरावा नाही म्हटलं. घरच्यांनी छळच झाला म्हटलं. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच संस्थेला सूचना काढावी लागली की एकमेकांना जात आणि परीक्षेची रँक विचारू नका. का काढावी लागली? पोरं हो, तिथे कोणी ‘तुझी जात काय’ विचारत नाही, ‘तुझी रँक किती’ विचारतं. विहिरीवरचा प्रश्न तोच, नुसता पँट घालून आलाय.

आमच्या वाडीतली एक ताई परवा मला म्हणाली, “दादा, माझी पोरगी हुशार आहे, पण मी तिला पाठवणार नाही. शिकून मरण्यापेक्षा न शिकता जगू दे.” ही बाई मुंबईवाल्याच्या बंगल्यात भांडी घासते. तिला मी काय भाषण देणार? मी एवढंच विचारलं, तुझ्या बंगल्यात ती जगेल का? बाई गप्प बसली. मी जिंकलो नाही. तिची भीती खरी आहे, आणि चळवळीने ती भीती ‘भ्याडपणा’ म्हणून झटकून टाकू नये. आपण शहीदांची पोस्टरं छापण्यात पटाईत. जिवंत पोरीला आठवड्यातून एक फोन करण्यात नाही.

त्याच पोरीचा अर्ज मी पाहिला. एका विद्यापीठाने दोन पानं मागितली होती, स्वतःबद्दल लिहा, का शिकायचंय ते लिहा. पोरगी म्हणाली, “मामा, तुम्ही कवी, तुम्हीच लिहा.” तिने सुरुवात केली होती, ‘मी एका गरीब दलित कुटुंबात जन्मले.’ मी म्हटलं, हे खोड. हे खोटं नाही, पण हे त्यांना हवंय म्हणून लिहिलंयस. कोणीतरी आपल्याला शिकवून ठेवलंय की दार उघडायचं तर जखम दाखवावी लागते. त्या बंगल्यातला पोरगा अमेरिकेला अर्ज करतो, त्याचं असलं पान पैसे घेऊन दुसरा माणूस लिहितो, आणि त्यात तो काय लिहितो? मला हे हे आवडतं. बस. मग तुला काय आवडतं? तिला खारफुटी आवडते. खाडीच्या कुठल्या बांधाला भगदाड पडलं, खारं पाणी शेतात शिरलं की किती वर्षं भात येत नाही, हे तिला बापाकडून ठाऊक. तेच लिहिलं तिने. दोन पानं. मी फक्त स्वल्पविराम घातले.

बाबासाहेबांचं नाव सगळे घेतात, हिशेब कोणी सांगत नाही. वडील गेले २ फेब्रुवारी १९१३ ला. घरात बायको, पोर, भावाचा संसार. ४ जूनला बडोद्यात करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि शिकून आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी. जुलैत न्यूयॉर्क. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परत. नोकरीसाठी बडोद्याला गेले, तर राहायला जागा मिळेना. १९२० साली पुन्हा लंडन, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना ह्या पारशी मित्राचं कर्ज. म्हणजे कोलंबियाच्या त्या माणसाच्या मागेसुद्धा पैसे उभे करणारे होते. एकट्याने ओझं उचललं, ही दंतकथा आपल्याला महाग पडलीय.

आणि आज? केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती साऱ्या देशात १२५ जणांना. महाराष्ट्राची राजर्षी शाहूंच्या नावाची, ७५. २०२५ च्या जुलैत केंद्राने १०६ जण निवडले आणि पत्रं आधी दिली चाळिसांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी आला तर. परदेशी विद्यापीठ थांबतं काय तुमच्या निधीसाठी? २०२२ साली तर नियम केला, भारताची संस्कृती, इतिहास, समाज ह्या विषयांवर शिकायचं असेल तर ह्या योजनेत पैसे नाहीत. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांनी निबंध वाचला तो कशावर? भारतातल्या जातींवर! हा नियम तेव्हा असता तर बडोद्याच्या राजाने काय केलं असतं कोण जाणे, ह्या सरकारने नाही म्हटलं असतं.

तेव्हा फॉर्म भरा. एकाच दाराशी डोकं आपटू नका. पवई भरा, लोणेरेचं बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रविद्यापीठ भरा, इथलं अलिबागचं मेडिकल भरा, देवनार भरा. टिसच्या पोरांना विचारा, २०१८ साली जेवण-वसतिगृहाची फी लादली तेव्हा कशी संपावर बसली होती ती.

आम्ही धक्क्यावरच्या माणसांनी एक डबा फिरवलाय. महिन्याला माणशी शंभर. मोठं काही नाही, पण जूनच्या त्या पाच वाजायच्या आत कोणाचे पैसे कमी पडले तर त्यातून भरायचे, पोर जमेल तेव्हा परत करेल, नाही केले तरी विचारायचं नाही. आतापर्यंत दोघांना दिले. चळवळीच्या नेत्यांनाही डबा पुढे केला होता, त्यांनी भाषण दिलं.

येत्या रविवारी सकाळी दहाला विहारात टेबल असेल. तहसीलदार कचेरीत काम केलेले एक काका बसणार आहेत. घरातला जुना कागद, कितीही फाटका असो, घेऊन या, वाळवी लागलेलाही चालेल. आणि ज्यांची पोरं आधीच बाहेर शिकतायत त्यांनी पोरांचे फोन नंबर वहीत लिहून जा. दर रविवारी रात्री आठनंतर कोणीतरी त्यांना फोन करणार आहे. पहिली पाळी माझी.

जय भीम.