खेळाचा संघ आणि कामाचे ठिकाण
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात वटार येथे दिलेले भाषण)



क्रीडास्पर्धांच्या पारितोषिक-वितरणापूर्वी मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषयही त्यांनीच नेमून दिला : खेळाच्या संघापासून कामाच्या ठिकाणांनी काय शिकावे. वटारची आपली तरुण मंडळी सकाळी नालासोपारा किंवा विरार स्थानक गाठतात आणि सारा दिवस मुंबईच्या कचेऱ्यांत घालवितात. मागे राहिलेले वाडी सांभाळतात. चार माणसांच्या बरोबरीने काम दोघांनाही करावे लागते. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

हल्ली मोठ्या कचेऱ्यांच्या भिंतींवर सचोटी, सहकार्य, परस्परांविषयी आदर असे शब्द सुरेख चौकटीत लावलेले आढळतात. शब्दांशी माझे भांडण नाही. पण खो-खोच्या मैदानावर असा फलक लागलेला मी कधी पाहिला नाही. तेथे मूल्य नियमांतच गोविलेले असते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले. त्यांतील मर्म आपण सर्वांनी लहानपणी अंगावर खरचटे काढून घेत अनुभवले आहे. आठ गडी ओळीने बसतात, शेजाऱ्याशेजाऱ्यांची तोंडे विरुद्ध दिशांना. पाठलाग करणाऱ्या नवव्यास मध्येच माघारी फिरण्याची मुभा नाही. पळणारा दुसऱ्या अंगास निसटला, की तिकडे तोंड करून बसलेल्या सोबत्याला मागून मोठ्याने खो दिल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. मग तो कितीही चपळ असो. ज्याला खो मिळाला त्यानेही तत्क्षणी उठलेच पाहिजे. आपल्याला जे दिसत नाही ते समोर तोंड करून बसलेल्याला दिसते, हे तेथे कोणास व्याख्यान देऊन शिकवावे लागत नाही.

कचेरीत मात्र आपली कागदपत्रे, आपली माहिती, आपल्या ओळखी मुठीत धरून बसणारे पुष्कळ भेटतात. आपली भाषा किती चतुर आहे पाहा : मैदानावर आपण खो देतो, आणि दुसऱ्याच्या कामात खो घालतो !

येथवरचे कोणीही मान्य करील. खरा प्रश्न शिटी वाजल्यानंतरचा आहे. मैदानावर एक असलेला संघ मैदानाबाहेर आल्यावरही एक असतो काय ? त्यासाठी पालवणकर बंधूंची हकीकत सांगतो. ती आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवी.

पालवणकर बाळू यांचा जन्म चांभार कुटुंबातला. पुण्यात साहेबांच्या क्लबात ते दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकीत. त्यांचा डाव्या हाताचा फिरकी मारा पाहून हिंदू संघाने त्यांना खेळावयास बोलाविले. कारण उघड होते, जिंकावयाचे होते. खेळपट्टीवर तोच चेंडू सर्वांच्या हाती जाई. चहाची वेळ झाली, की बाळूंना मात्र मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. मुंबईस आल्यावर त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली, हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले, आणि तेथे ही शिवाशिव पुष्कळ सैल झाली. १९०६ साली बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम ज्या संघात होते, त्या हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून बाळू विलायतेस गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले.

इतके होऊनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. भांड्याचा भेद मिटला, तरी अधिकाराचा राहिला होता. १९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत या बंधूंना पुन्हा डावलण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण जाहीरपणे मांडले. याला कोणी संघभावनेचा अभाव म्हणेल. मला तसे वाटत नाही. संघ ज्या तत्त्वाचे नाव घेत होता, त्याची आठवण करून देण्यास दुसरा मार्ग उरला नव्हता. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. बाळूंची चाळिशी तोवर केव्हाच उलटून गेली होती.

आता आपल्याकडे वळू. बढती गुणावर मिळते की नात्यावर, हे कचेरीतील शिपायालाही पहिल्या महिन्यात कळते, आणि मग भिंतीवरच्या चौकटी तो पुसतो, वाचीत नाही. आपल्या वाड्यांचेही तेच आहे. केळीचे घड उतरविताना, भाजीच्या जुड्या बांधताना, फुले खुडताना मालक आणि मजूर एकमेकांच्या हाताला हात लावतात. मात्र कामास येणाऱ्या आदिवासी बायांसाठी पडवीत निराळा पेला ठेवणारी घरे माझ्या बालपणी मी पाहिली आहेत. आता पेले एकसारखे झाले असतील. पण दुपारी भाकरी सोडावयास कोण कोठे बसते, हे ज्याने त्याने आपल्या वाडीत पाहावे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु घरच्या माणसांसमोर नाही बोलावयाचे तर कोठे ?

कार्यकारी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुढील वर्षीच्या कबड्डी व खो-खोच्या स्पर्धांत वाडीवर कामास येणाऱ्या कुटुंबांतील मुलामुलींची नावे नोंदवून घ्यावीत. त्यांचा वेगळा संघ करू नये, आपल्याच संघांत त्यांना घ्यावे, आणि नायक निवडताना खेळ पाहावा. सामन्यानंतरच्या अल्पोपाहाराची पंगत एकच असावी. स्पर्धांच्या नियमावलीत ‘ज्ञातीतील’ हा शब्द आहे, तो तेवढ्यापुरता काढावा लागेल. तसा ठराव मी लेखी स्वरूपात चिटणीसांच्या हाती दिला आहे. सूचक म्हणून त्यावर माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.