पाताळातील प्रयोगशाळा
रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेच्या बोगद्यांवर असतो त्याहून कितीतरी जाड खडकाचा थर कृष्णद्रव्याच्या, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या आणि केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याच्या, शोधासाठी आवश्यक असतो. कारण अवकाशातून सतत येणारे वैश्विक किरण हा खडकच अडवतो. याच तत्त्वावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणात निर्माण झालेले न्यूट्रिनो नावाचे कण टिपले, ही भारतीय विज्ञानाची थोर कामगिरी होय. झारखंडमधील जादुगुडा येथे युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर असलेल्या प्रयोगशाळेत कृष्णद्रव्याच्या शोधासाठी मोटारींच्या एसीमधील शीतकाचे थेंब उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापमानालाही द्रवरूपात राखले जातात, आणि एखादा कण अणुकेंद्रावर आदळून थेंबाचा बुडबुडा झाला की उमटणारा सूक्ष्म ध्वनी संवेदक नोंदवतो. कृष्णद्रव्याचा कण मात्र जगात अद्याप कोठेही निर्विवादपणे सापडलेला नाही.