बाकावर कोण बसलं?

(नव्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातलं भाषण)



मला विषय दिलाय 'मुंबई विद्यापीठाची परंपरा आणि बदलतं विद्यार्थीजीवन'. परंपरा म्हटलं की प्रस्थापित लोक आपल्याला राजाबाई टॉवर दाखवतात, दीक्षान्त सभागृह दाखवतात, काळा झगा दाखवतात. 1857 साल सांगतात. बघा की, डोळे भरून बघा. पण मी परंपरा मोजतो ती बाकावरून. बाकावर कोण बसलं? कुणाला बसू दिलं नाही?

विद्यापीठ निघायच्या आदल्याच वर्षी, 1856 च्या जूनमध्ये, धारवाडच्या एका महार पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. सरकारनं कबूल केलं, न्याय पोराच्या बाजूनं आहे. आणि दार बंदच ठेवलं! बाकीच्यांची मनं दुखावतील ना! एका हातानं विद्यापीठ बांधायचं, दुसऱ्या हातानं आमचं पोर शाळेच्या पायरीवरून ढकलायचं. हीसुद्धा परंपराच. ती कुठल्या भिंतीवर कोरलेली नाही.

1862 साली पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यात रानडे होते, भांडारकर होते. विद्वान माणसं, नाकारत नाही. पण खर्च कुणाचा? 1882 ला जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे ठणकावून सांगितलं : पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिकतात वरच्या जातींची पोरं.

बाबासाहेब याच विद्यापीठाचे बी. ए. झाले ते 1912 ला. पहिल्या तुकडीनंतर 50 वर्षांनी. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. राहायला परळची चाळ. कॉलेजात तग धरला तो बडोद्याच्या सयाजीरावांच्या महिना 25 रुपयांवर. बुद्धी होतीच. पण बुद्धीला भाकर लागते, दिवा लागतो, टेकायला जागा लागते.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. 1944 पासून अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची सरकारी स्कॉलरशिप सुरू झाली. 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 ला सिद्धार्थ कॉलेज. सकाळचे वर्ग! सकाळी लेक्चर, मग कचेरी नाहीतर कारखाना. विद्यार्थीजीवन बदललं ते असं. कँटीनमध्ये तासन्‌तास बसणाऱ्या विद्यार्थ्याशेजारी डबा घेऊन लोकल पकडणारा विद्यार्थी आला. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारातल्या खोल्यांत पोरं रात्र रात्र वाचू लागली, भांडू लागली, लिहू लागली. 1972 ला दलित पँथर उभी राहिली, तिची धग या खोल्यांतलीसुद्धा होती.

म्हणून सांगतो, स्कॉलरशिप आणि होस्टेल या दोन गोष्टी मेहेरबानी नाहीत. आपण विद्यापीठात शिरलो ती ही दोन दारं. आणि आपल्याला बाहेर काढायचं असलं की हीच दोन दारं लावतात. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप थांबली, त्याला होस्टेलबाहेर काढलं. 17 जानेवारी 2016 ला त्यानं जीव दिला. तो जीव द्यायला आला नव्हता, पीएच. डी. करायला आला होता.

तेव्हा 'फ्री सीटवाले' म्हणून कुणी हिणवलं तर मान खाली घालू नका. धारवाडच्या पोराचा अर्ज त्याला वाचून दाखवा. स्कॉलरशिप अडली तर खिडकीवरचं तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. कारण लेखी मागा. सही घ्या, शिक्का घ्या, तारीख घ्या. आणि एकट्यानं जाऊ नका. एकट्याला उद्या ये म्हणतात, पन्नासांना खुर्ची देतात.

बाहेर टेबलावर वही ठेवलीय. ज्याची स्कॉलरशिप आली नाही, ज्याला होस्टेल मिळालं नाही, त्यानं नाव, वर्ग आणि अर्जाची तारीख लिहावी. उद्या 11 वाजता आपण ती वही घेऊन कचेरीत जातोय. ज्यांचं काही अडलेलं नाही, त्यांनीही यायचंय.

जयभीम!